तिकीट स्वस्त झालं, मग परदेशवारी एवढी महाग का पडते?

प्रश्न: मुलगी न्यू जर्सीत असते. येत्या उन्हाळ्यात आम्ही दोघं पहिल्यांदाच नागपूरहून तिच्याकडे जाणार आहोत. माझे काका सत्तरच्या दशकात अमेरिकेला गेले होते. ते म्हणतात, तेव्हा तिकीट काढायला जमीन विकावी लागे, पण प्रवास राजासारखा व्हायचा. आता सगळे म्हणतात विमान स्वस्त झालं, आणि इकडे आमचा हिशेब वाढतच चाललाय. खरं काय? आणि नागपूरहून जाणाऱ्यानं नेमकं काय पाहावं?

उत्तर:

काकांचंही बरोबर आणि तुमचंही. विमानातली सीट खरोखर स्वस्त झाली आहे. पण पूर्वी त्या सीटच्या पैशांत ज्या दहा गोष्टी गुपचूप येत, त्या एकेक करून बाहेर काढल्या गेल्या आणि प्रत्येकीवर वेगळी चिठ्ठी लागली. शिवाय काही बिघडलं तर निस्तरायचं कुणी, हे कामही कंपनीकडून आणि माझ्यासारख्या एजंटाकडून सरकत सरकत तुमच्या अंगावर आलंय. मी सीताबर्डीत तिकिटांचा धंदा करतो. लाल कार्बन लावलेल्या, हातानं भरायच्या तिकिटांच्या काळापासून करतो, म्हणून हे सरकणं जवळून पाहायला मिळालं.

आधी स्वस्ताईचं बघू. 8 जून 1948 ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा करत लंडनला निघालं. त्याच्या जाहिरातीतलं भाडं होतं 1,720 रुपये. दहा ग्रॅम सोनं तेव्हा शंभराच्या आत मिळत होतं, म्हणजे एका माणसाच्या सीटला सतरा तोळे. सोन्याचं माप मी फारसं मानत नाही, कारण अलीकडे सोन्यानंच ताळतंत्र सोडलंय. पगाराचं माप घ्या. प्राथमिक शाळेच्या मास्तरांचा तेव्हाचा वर्षभराचा पगार त्या तिकिटाला पुरला नसता. आज गर्दीचा हंगाम टाळून मुंबई–लंडन जाण्या-येण्याचं तिकीट काढलं, तर ते शिक्षकाच्या महिना-दीड महिन्याच्या पगारात बसतं. एवढा फरक दुसऱ्या कुठल्या चैनीच्या वस्तूत पडला असेल असं मला वाटत नाही.

काकांच्या वेळी तर तिकिटापेक्षा मोठी अडचण परकीय चलनाची होती. त्या काळात शिकायला गेलेल्या कुणालाही विचारा, खिशात 8 डॉलर घेऊन उतरल्याची गोष्ट ऐकायला मिळेल. रिझर्व्ह बँक त्याहून जास्त देतच नव्हती. परकीय चलनावर कडक बंधनं घालणारा 1973 चा फेरा कायदा जाऊन 2000 मध्ये त्याहून सैल फेमा लागू झाला, आणि 2004 पासून माणूस कुणाला न विचारता वर्षाला 25,000 डॉलर बाहेर नेऊ शकला. आज ही मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. त्याच 2004 मध्ये माणशी 500 रुपयांचा परदेश प्रवास करही रद्द झाला. आज तो कर कुणाला आठवतही नाही.

भाडं उतरलं ते विमानामुळे आणि स्पर्धेमुळे. 1971 मध्ये एअर इंडियाकडे जंबो आलं. मग दोन इंजिनांवर समुद्र ओलांडणारी, कमी इंधन पिणारी विमानं आली. आखाती कंपन्यांनी मधल्या वाळवंटात जंक्शन उभी केली. त्याआधी भाडं कंपन्या एकत्र बसून आयाटाच्या, म्हणजे त्यांच्याच जागतिक संघटनेच्या, बैठकीत ठरवत, त्यामुळे कुठल्याही कंपनीकडे गेलं तरी छापील भाव जवळपास सारखाच असे. ती मक्तेदारी मोडली आणि बाजार सुरू झाला.

पण बाजार म्हटलं की वजनकाटाही आला.

माझ्या धंद्याचंच घ्या. विमान कंपन्या आम्हाला तिकिटावर 9 टक्के कमिशन देत. ते हळूहळू छाटत आणलं आणि 2008 च्या सुमारास बहुतेकांनी शून्यावर नेलं. त्याच वर्षी 1 जूनपासून कागदी तिकीट जगभरातून गेलं. प्रवाशांना वाटलं, चला, मधला माणूस गेला, आपले पैसे वाचले. तसं झालं नाही. कमिशनच्या जागी आमची सर्व्हिस फी आली, आणि वेबसाइटवर घ्याल तर तिथे कन्व्हिनियन्स फी आली. कमिशन फक्त मूळ भाड्यावर मिळे, म्हणून कंपन्यांनी दोन हजारच्या दशकात इंधन अधिभार नावाचा वेगळा रकाना काढून त्यात पैसे ढकलायला सुरुवात केली. कच्चं तेल जुलै 2008 मध्ये 147 डॉलरला भिडलं तेव्हा त्याला निमित्त तरी होतं. पुढे तेल कोसळलं, रकाना मात्र बसून राहिला. आजही तिकिटावर ‘वायक्यू’ किंवा ‘वायआर’ लिहिलेलं दिसेल, तो हाच. तुम्ही पॉइंट्स खर्चून ‘फुकट’ तिकीट घेता तेव्हा तीस-चाळीस हजार का भरावे लागतात, त्याचं उत्तरही बरेचदा याच रकान्यात असतं.

आता एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोघांचे भाव वेगळे का? इकॉनॉमीच्या सीटा दिसायला एक, पण विकायला डझनभर खणांत ठेवलेल्या असतात. प्रत्येक खणाला इंग्रजी अक्षर, प्रत्येकाचा भाव वेगळा, बदल आणि परताव्याचे नियम वेगळे. स्वस्त खण रिकामा झाला की पुढचा उघडतो. ‘मी दोनदा शोधलं म्हणून भाव वाढला’ ही तक्रार रोज ऐकतो. माझ्या अनुभवात भाव वाढतो तो खण संपल्यामुळे, तुमच्या शोधण्यामुळे नाही. मंगळवारी रात्री तिकीट स्वस्त मिळतं वगैरे गोष्टीही सोडून द्या. त्यापेक्षा हे लक्षात ठेवा: चौघांचं तिकीट एकदम शोधलं आणि स्वस्त खणात दोनच सीटा उरल्या असतील, तर यंत्र चौघांनाही वरच्या खणाचा भाव लावतं. दोन-दोन करून पाहिलं की फरक कळतो. तुम्ही दोघंच आहात, तेव्हा एकेकटं शोधून एकदा ताडून पाहा, पण बुकिंग शक्यतो एकाच पीएनआरमध्ये ठेवा. वेळापत्रक बदललं तर दोघांना दोन वेगळ्या विमानांत टाकलं जाण्याचं लफडं नको.

सामानाचं तर सांगायलाच नको. अमेरिकेला जाणाऱ्याला पूर्वी 32 किलोच्या दोन बॅगा असत. चकल्या, मसाले, पुरणयंत्र, मुलीचा प्रेशर कुकर, सगळं मावून वर जागा उरायची. 2005 च्या आसपास ते 23 किलोच्या दोन बॅगांवर आलं, आणि आता कित्येक स्वस्त भाड्यांत एकच बॅग असते. युरोपच्या तिकिटात तर बॅगच नाही असंही असतं. स्क्रीनवर दिसणारा सगळ्यात कमी आकडा बहुतेक वेळा याच जातीचा. त्यात बॅग टाका, सीट निवडा, तारीख बदलायची सोय घ्या, की तो वरच्या भाड्याला मागे टाकतो. काउंटरवर मग ऐकू येतं, “बाप्पा! तिकीट तं सत्तर हजाराचंच दाखवलं होतं ना जी, मंग हे एवढं कुठून आलं?” तर ते इथून आलं.

आता नागपूर. इथे मला थोडं विस्तारानं लिहू द्या, कारण इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले मुंबई-दिल्लीवाल्यांनी मुंबई-दिल्लीवाल्यांसाठी लिहिलेले असतात.

जानेवारी 1949 मध्ये रात्रीची हवाई टपाल योजना सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून रोज रात्री एकेक विमान निघे. मध्यरात्रीनंतर चारही सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, उतरत, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी आपसांत बदलत आणि पहाटेपर्यंत परत आपापल्या गावी जात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हे चाललं. आज दोहा आणि दुबई जे जगासाठी करतात, तेच सोनेगाव तेव्हा देशासाठी करत होतं. पुढे लांब पल्ल्याची जेट आली, मध्ये थांबायची गरज संपली, आणि देशाच्या मधोमध असण्याचा आपला फायदा गेला. मिहानच्या, म्हणजे विमानतळालगतच्या मालवाहतूक आणि उद्योग प्रकल्पाच्या, स्वप्नात तो परत येणार होता. एअर इंडियाचं दुरुस्ती केंद्र आलं, मालवाहतूक थोडी आली, पण आंतरराष्ट्रीय उड्डाणं बोटांवर मोजण्याएवढीच राहिली: शारजाची एअर अरेबिया, आणि डिसेंबर 2015 पासून दोह्याची कतार एअरवेज. परदेशी कंपनीनं कुठल्या गावात उतरायचं आणि आठवड्याला किती सीटा विकायच्या, हे दोन सरकारांच्या करारात ठरतं. त्यामुळे ‘नागपूरला गिऱ्हाईक आहे तरी विमान का नाही’ याचं उत्तर बरेचदा सोनेगावला नसतं, दिल्लीत असतं.

त्यामुळे तुमच्यापुढे तीन रस्ते आहेत. पहिला, नागपूर–दोहा–न्यूयॉर्क एकाच तिकिटावर. सामान इथे सोनेगावला दिलं की थेट अमेरिकेत हातात येतं, देशाबाहेर पडतानाचं इमिग्रेशनही इथेच होतं, तेही छोट्या रांगेत. उड्डाण अपरात्रीचं असतं आणि भाडं मुंबईपेक्षा चढं दिसतं. दुसरा, नागपूर–मुंबई किंवा नागपूर–दिल्ली आणि पुढे अमेरिका, पण सगळं एकाच पीएनआरवर. तिसरा, मुंबईहून स्वस्त तिकीट वेगळं घ्यायचं आणि मुंबईपर्यंत आपलं आपण जायचं.

बहुतेक जण तिसरा धरतात, कारण त्यात आकडा लहान दिसतो. विदर्भ एक्स्प्रेसनं संध्याकाळी निघून सकाळी मुंबई गाठायची, नातेवाइकाकडे आंघोळ, जेवण करून रात्री सहारला जायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. ती वाईट नव्हती, कारण मध्ये अख्खा दिवस हाताशी असे. आता लोक सकाळच्या देशी विमानानं जाऊन दुपारचं परदेशी विमान पकडायला बघतात, तेही दोन वेगळ्या तिकिटांवर. नागपूरचं विमान धुक्यानं किंवा आणखी कशानं तीन तास लटकलं, तर पुढच्या कंपनीच्या लेखी तुम्ही ‘आलाच नाहीत’. तुमचं तिकीट जातं आणि परतीचंही त्याबरोबर रद्द होऊ शकतं. एकाच तिकिटावर असतात तर पुढच्या विमानात बसवून देणं कंपनीला भाग असतं. या एका गोष्टीसाठी मी दहा-बारा हजार जास्त मोजायला सांगतो. दोन्ही विमानं एकाच कंपनीची असली तरी तिकिटं वेगळी असतील तर हे संरक्षण गृहीत धरू नका.

मुंबईबाबत आणखी एक. डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा विमानतळही चालू झालाय. स्क्रीनवर ‘मुंबई’ म्हणून दोन्ही दिसू शकतात. तिकिटावरचा कोड बघा: सहारचा ‘बीओएम’, नवी मुंबईचा ‘एनएमआय’. एका ठिकाणी उतरून दुसऱ्या ठिकाणाहून उडायचं असेल तर मध्ये पनवेल-वाशी-चेंबूरचा ट्रॅफिक आहे, आणि तो कुठल्याच वेळापत्रकात छापलेला नसतो.

आता तिकिटाबाहेरचा खर्च. तुमच्या छातीत जो कळा आणतोय तो खरा हाच. 2007 च्या शेवटी अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाची फी 100 डॉलर होती आणि डॉलर चाळीसच्या आसपास, म्हणजे माणशी चार हजार. आज फी 185 डॉलर आहे आणि डॉलरनं डिसेंबर 2025 मध्ये नव्वदी ओलांडली. माणशी साडेसोळा हजारांच्या वर गेलं, दोघांचे तेहतीस हजार. फी दुपटीलाही पोचली नाही, पण रुपयानं ती चौपट करून दाखवली. विमानभाड्याचंही असंच आहे. डॉलरमध्ये पाहिलं तर ते वर्षानुवर्षं फारसं हललेलं नाही, आपल्या हातातली नाणी मात्र हलकी होत गेली. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या तुमच्या मुलीला ‘तिकीट तेवढंच तर आहे’ असं वाटतं आणि तुम्हाला वाटत नाही, त्याचं कारण हे.

व्हिसासाठी मुंबईला जावं लागतं, बोटांचे ठसे आणि मुलाखत या दोन वेगळ्या तारखा असतात, आणि मधल्या रात्रीचं मुंबईतलं राहणं आलंच. पहिल्यांदा जाणाऱ्याला यातून सुटका नाही. साठीच्या पुढच्या दोघांचा आरोग्य विमाही आला. अमेरिका तो सक्तीचा करत नाही, पण तिथे एकदा इमर्जन्सीत जाऊन आलेल्याला विचारा. नुसत्या विमानतिकिटावर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्यानं आधीच कापून घ्यायचा कर, लागत नाही. तिकिटासोबत हॉटेल किंवा फिरणं बांधून घेतलं की ते पॅकेज ठरतं आणि 2020 पासून त्यावर टीसीएस कापला जातो. तो तुमच्या आयकराच्या हिशेबात जमा होतो, पण तोवर रक्कम अडकते. मुलीकडे राहणार असाल तर तुम्हाला पॅकेजची गरजच नाही.

आकाशाचं राजकारण हाही आता भाड्याचाच एक भाग झालाय. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली. तेव्हापासून दिल्लीहून अमेरिकेला जाणारी आपली विमानं वळसा घालतात, काही मध्ये युरोपात इंधनासाठी थांबली, आणि दिल्ली–वॉशिंग्टनसारखं थेट उड्डाण तर बंदच झालं. आखातातून जाणाऱ्यांनाही खात्री नाही. 23 जून 2025 च्या रात्री कतारची हवाई हद्द काही तास बंद झाली आणि दोह्याला जाणारी विमानं वाटेतून वळवावी लागली. अशा वेळी एकच तिकीट असलेला माणूस काउंटरवर उभा राहतो आणि तीन तुकडे जोडलेला माणूस तीन कॉल सेंटरांना फोन लावतो. आणखी एक: कंपनी बुडू शकते, हे आपण जेट एअरवेजच्या वेळी एप्रिल 2019 मध्ये आणि गो फर्स्टच्या वेळी मे 2023 मध्ये पाहिलं. म्हणून पैसे क्रेडिट कार्डानं भरा. सेवाच मिळाली नाही तर बँकेकडे दाद मागता येते.

राहिला काकांचा राजेशाही थाट. होता, पण तो ज्या थोड्यांना परवडे त्यांच्यासाठी होता. जेवण काचेच्या-चिनी मातीच्या भांड्यात यायचं, पाय पसरायला जागा असायची. बोइंग 777 विमानाच्या इकॉनॉमीत एका रांगेत नऊ सीटा असत, आता बहुतेक कंपन्यांनी त्याच रुंदीत दहा कोंबल्यात. खांदे दुखतात ते वयामुळेच नव्हे. पण थाट आठवणारे लोक धूर विसरतात. मागच्या रांगांत सिगारेटी ओढायला परवानगी होती आणि त्या धुरात लोक दहा-दहा तास बसत. मुंबईहून न्यूयॉर्कला न थांबता जायची सोय 2006 पर्यंत नव्हती. मध्ये कुठेतरी उतरून पुन्हा चढावं लागे. पोचल्याचा फोन यायला दुसरा दिवस उजाडायचा. 2014 मध्ये आपल्यासाठी आगमनाचा आणि 2017 मध्ये निर्गमनाचा फॉर्म बंद झाला, म्हणजे पेन मागत फिरणंही संपलं. वाढली ती तपासणी. 2001 नंतर ती कडक झाली, ऑगस्ट 2006 नंतर हातातल्या बॅगेत 100 मिलीवरची बाटली नेणं बंद झालं. आंब्याच्या लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत ठेवाल तर ती तिथेच राहील; मोठ्या बॅगेत, चांगली बांधून टाका. पॉवर बँक मात्र उलट, ती फक्त हातातल्या बॅगेत. आणि मुलीसाठी संत्री नेऊ नका. अमेरिकेत ताजं फळ आत येऊ देत नाहीत, जाहीर न करता सापडलं तर दंड होतो. संत्रा बर्फीचा सीलबंद डबा घ्या आणि तोही फॉर्मवर किंवा अधिकाऱ्याला सांगून टाका.

दोघांपैकी कुणाचे गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच नोंदवा, काउंटरवर गेल्यावर नाही. अमेरिकेच्या विमानांना आपल्याकडून इतक्या व्हीलचेअर मागितल्या जातात की चालू शकणाऱ्यांनीही फक्त रांग टाळायला त्या घेतल्याचं सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचा त्रास खरंच न चालू शकणाऱ्याला होतो. दोह्याला बदलायचं असेल तर दीड तासाचं कनेक्शन पकडू नका, पहिल्यांदाच जाताय तर तीन-चार तास असू द्या. बॅग फुटली किंवा आलीच नाही तर विमानतळ सोडण्याआधी तिथल्या काउंटरवर तक्रार लिहून तिची प्रत घ्या. मॉन्ट्रियल करारानुसार फुटलेल्या बॅगेची लेखी तक्रार 7 दिवसांत, उशिरा मिळालेलीची 21 दिवसांत करावी लागते, आणि भारत 2009 पासून त्या करारात आहे.

मे-जूनची सीट हवी असेल तर शाळांच्या सुट्या आणि अमेरिकेतल्या मुलांचं इकडे येणं-जाणं दोन्ही एकाच वेळी असतं, तेव्हा स्वस्त खण फार आधी रिकामे होतात. एप्रिलच्या मध्यावर जाऊन जुलैच्या आत परतता आलं तर बघा. पण व्हिसाच्या मुलाखतीची तारीख हातात आल्याशिवाय परतावा न मिळणारं तिकीट काढू नका, भाव कितीही खुणावत असला तरी. आणि मला किंवा दुसऱ्या कुणालाही भाव विचाराल तेव्हा ‘नागपूर ते न्यूअर्क, एकच तिकीट, माणशी दोन बॅगा, तारीख बदलायची सोय धरून किती’ असं विचारा. न्यू जर्सीला न्यूअर्कच जवळ पडतं, न्यूयॉर्कचं जेएफके नव्हे. तिथून टॅक्सीचे डॉलरही शेवटी त्याच हिशेबात येणार आहेत.